एकाच मापाची खुर्ची

१

मिस्त्री चहाचा कप हातात घेऊन हॉलमध्ये शिरला आणि दारातच थबकला. भिंतीशी मांडलेली चाकाच्या खुर्च्यांची रांग कालच्यासारखीच होती, पण मधेच पुढचा दात पडावा तशी फट दिसत होती.

"चिमणीची खुर्ची कुणी हलवली?" त्यानं विचारलं.

झाडणाऱ्या मावशींनी फरशी पुसता पुसता मान वर केली. "मी कशाला हलवू? खुर्च्यांना हात लावला की तुम्हीच माझ्या अंगावर येता."

मिस्त्रीनं कप खिडकीत ठेवला. हॉल पालथा घातला, पायांचे साचे काढायच्या प्लास्टरच्या खोलीत डोकावला, मागच्या दारापाशी गेला आणि तिथून त्यानं दिलेली हाक आवारातल्या चर्चपर्यंत पोचली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. वरची कडी उघडी, खालचीही उघडी.

संस्था मिशनची होती. परदेशातल्या चर्चच्या मंडळ्या पेट्या भरून सांगाडे, चाकं आणि कुबड्या पाठवत. मिस्त्री ते सांगाडे कापून, वाकवून, जोडून एकेका माणसाच्या मापाला बसवी. ज्याला चालता येत नाही आणि विकतची खुर्ची ज्याच्या सात पिढ्यांना परवडली नसती, त्याला ती फुकट मिळे. इथं धर्म कुणी विचारत नसे. विचारत ते फक्त माप.

फौजदारबाई त्या सकाळी बाकावर एकाच पायानिशी बसल्या होत्या. दुसरा पाय मिस्त्रीच्या टेबलावर होता. पट्ट्याचं बक्कल तुटलं म्हणून तो दुरुस्तीला आला होता. पोलिसात असताना त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. खात्यानं टेबलावरचं काम दिलं, त्यात जीव रमेना, म्हणून वेळेआधीच निवृत्त होऊन त्या इथं येऊ लागल्या. नव्यानं पाय बसवलेल्यांना त्या चालायला शिकवत, आणि शिकवताना रागवत फार. 'फौजदारबाई' हे नाव त्या शिकणाऱ्यांनीच पाडलेलं.

हाक ऐकून पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, धावत आले. संस्थेचा सगळा कारभार त्यांच्या अंगावर. माणूस सरळ, पण पाहुणे येणार म्हटलं की त्यांची झोप उडे. रविवारी परदेशी मंडळीचे पाहुणे येऊन स्वतःच्या हातांनी खुर्च्या वाटणार होते. हा कार्यक्रम आधी एकदा पुढे गेला होता, आणि तयार खुर्च्या तेव्हापासून हॉलमध्ये धूळ खात होत्या.

"एकच गेली ना?" पाळकसाहेब म्हणाले. "देवाची कृपा म्हणायची."

"एकच, पण कुठली ते बघा," मिस्त्री म्हणाला. "चिमणीचा कणा डावीकडे वळलाय. सीट मी तिच्या कण्यासारखी वाकवलीय, एका बाजूला उंच आधार दिलाय. दुसरा कुणी त्यात बसला तर कळवळून उठेल. अख्ख्या जगात ती खुर्ची एकाच माणसाच्या कामाची आहे."

"भंगारवाल्याला माप लागत नाही."

"मग भंगारवाल्यानं शेजारची घडीची खुर्ची का नाही नेली? काखेत मारून पळता आलं असतं."

पाळकसाहेबांनी घाम पुसला. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्याची एक किल्ली राखणदार मामांकडे, दुसरी मिस्त्रीकडे. मागच्या दाराला कुलूपच नव्हतं, त्याच्या कड्या फक्त आतून निघत. म्हणजे कुणीतरी किल्लीनं पुढून आत आलं आणि खुर्ची मागच्या गल्लीत काढून घेऊन गेलं.

पाळकसाहेबांची नजर मिस्त्रीवर जाऊन थांबली. मिस्त्रीलाही ते कळलं.

"दुपारपर्यंत खुर्ची मिळाली नाही तर पोलिसांत कळवावं लागेल," पाळकसाहेब खाली बघत म्हणाले.

"अर्धे पोलीस इथंच बसलेत," फौजदारबाई बाकावरून म्हणाल्या. "दुपारपर्यंतचा वेळ मला द्या. आणि बसायला एक चाकाची खुर्ची द्या, माझा पाय अजून टेबलावर आहे."

२

राखणदार मामा फाटकाशी स्टुलावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काल संध्याकाळी शेवटी कोण बाहेर पडलं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मिस्त्री. तो हात धुऊन आला, खुर्ची रांगेत लावली आणि गेला. मग मी आत फिरलो. मागच्या दोन्ही कड्या स्वतः हात लावून बघितल्या. खोटं बोलत असेन तर ही नोकरी नको मला."

"बघितल्यात यावर माझा विश्वास आहे. मिस्त्रीच्या आधी कोण गेलं?"

"चिमणी आणि तिचा भाऊ. खुर्चीचं शेवटचं माप बघायला आले होते."

हमालदादाला बाजारात सगळे ओळखत. दिवसभर पाठीवर पोती आणि उरलेल्या वेळी पाठीवर बहीण. चिमणी तिशीला आली होती, पण लहानपणी मिळालेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलं. भावाच्या पाठीवर बसून ती कुठंकुठं हिंडली होती, आणि बोलायला लागली की समोरच्याला जागा सोडून उठवत नसे.

"ती दोघं कशी गेली?"

"रोजच्यासारखी. ती पाठीवर. वारा होता, म्हणून डोक्यावरून शाल. झोपली असावी. एरवी 'येते हं मामा' म्हटल्याशिवाय फाटक ओलांडत नाही." मामांनी सुस्कारा टाकला. "दादा मात्र खुशीत होता. त्याची पाठ गेलीय, तो सांगत नाही पण मला दिसतं ना. रोज तिसऱ्या पायरीवर कठड्याला टेकून दम खातो. काल सरळ उतरून गेला, तेही शीळ घालत. म्हटलं, खुर्ची मिळणार म्हणून स्वारी हवेत आहे."

"नंतर काही आवाज आला?"

"चर्चमध्ये गीतांचा सराव चालू होता. हार्मोनियम आणि वीसपंचवीस गळे. मागच्या गल्लीतून हत्ती गेला असता तरी कळलं नसतं." ते आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्त्रीनं नेली असेल असं मला वाटत नाही, बाई. पण काल दुपारी तो साहेबांशी भांडला, हेही खरं. 'खुर्च्या काय प्रदर्शनाला केल्यात?' म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं."

झाडणाऱ्या मावशींना प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःवरचा आळ वाटे.

"मी आले, झाडलं, पुसलं. माझं काम मी केलं. आता कुणी म्हणेल खुणा पुसल्या, तर मला काय स्वप्न पडलं होतं चोरी झालीय म्हणून?"

"कसल्या खुणा?"

"प्लास्टरच्या खोलीत त्या पांढऱ्या पावडरीचा थर असतो, रोज पुसा, रोज आहेच. आज खोलीतून मागच्या दारापर्यंत दोन पांढऱ्या रेघा होत्या. रूळ टाकल्यासारख्या."

"चाकांच्या. आणि आणखी काय होतं?"

"आणखी काही नव्हतं. मधे, बाजूला, सगळं कोरं. मी चपला बाहेर काढल्या म्हणून बरं, नाहीतर माझीच पावलं उठली असती आणि तुम्ही मलाच धरलं असतं."

फौजदारबाई चाकं फिरवत हॉलकडे निघाल्या. दारात पोचतात तर आत मिस्त्री आपली हत्यारं एकेक करून पिशवीत भरत होता.

३

"पळतोयस?" फौजदारबाईंनी विचारलं.

"जातोय. जिथं आपल्याकडे चोर म्हणून बघतात तिथं पाना धरवत नाही."

"आज गेलास तर उद्या तुलाच चोर ठरवतील. बस जरा. काल भांडलास कशावरून?"

मिस्त्री पेटीवर बसला. "माणसं फरशीवर सरपटतायत आणि खुर्च्या भिंतीशी मिरवतायत, यावरून. काल चार जणांनी विचारलं, आमची खुर्ची आज द्याल का. एका आजोबांना आपल्या थोरल्या भावाला बघायला जायचं होतं. एका आईला पोराला शाळेत बसवायचं होतं. चिमणीला सकाळी कुठं तरी जाऊन यायचं होतं, एका दिवसापुरती द्या म्हणत होती. एकाला नुसतं अंगणात बसायचं होतं. साहेबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, रविवारपर्यंत धीर धरा. त्यांचंही बरोबर असेल. पाहुणे नाराज झाले तर पुढच्या पेट्या येणार नाहीत. पण माझं डोकं फिरलं."

"म्हणून तू खुर्ची नेलीस?"

"मला न्यायची असती तर चारही नेल्या असत्या," मिस्त्री शांतपणे म्हणाला.

फौजदारबाईंना हसू आलं. आपली इतकी वर्षं चोर धरण्यात गेली, आणि इतकं प्रामाणिक उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"आणखी काही गेलंय का?"

"चोरी म्हणावी असं नाही. स्पंजची एक गुंडाळी दिसत नाही. सीटसाठी आणलेली, ही एवढी, मांडीएवढी जाड. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, स्पंजाचं काय घेऊन बसलास."

"खुर्चीला गादी नव्हती का?"

"होती की. शिवून, बसवून तयार होती. चोराला स्पंज कशाला लागला देव जाणे."

फौजदारबाई प्लास्टरच्या खोलीतून मागच्या दाराकडे गेल्या. या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यावरून खालपर्यंत मेणकापड लोंबत होतं. टेबलाखाली प्लास्टरची रिकामी पोती. इथं एक माणूस सहज बसू शकेल, त्यांच्या मनात आलं. मग त्या दाराशी आल्या. सकाळच्या गडबडीनंतर कुणीतरी कड्या परत लावल्या होत्या. त्यांनी सवयीनं वरच्या कडीकडे हात नेला.

हात पोचला नाही.

एरवी त्या याच दारातून रोज जात. पाय लावलेला असला की कडी डोळ्यांसमोर येई. आज खुर्चीत बसून ती आढ्याला टेकल्यासारखी वाटली. खालची कडी हाताशी होती, वरची मात्र वीतभर लांब. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुबड्या सगळ्या हॉलमध्ये खुंट्यांवर टांगलेल्या असत, पण एक इथं, दाराच्या कोपऱ्यात आडवी पडली होती. त्यांनी ती उचलली, उलटी धरली आणि तिची मूठ कडीच्या बोंडात अडकवून खाली ओढली. कडी खडखडत खाली आली. आणि दाराच्या रंगावर जिथं कुबडी घासली, तिथं त्यांच्या ओरखड्याशेजारी आधीचे ताजे ओरखडे होते. एक नव्हे, बरेच. कुणीतरी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता.

मिस्त्री मागे येऊन उभा राहिला होता. उंच माणूस, दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागे.

"तू सुटलास," फौजदारबाई वळून म्हणाल्या. "ज्यानं ही कडी काढली, तो उभा नव्हता."

४

पाळकसाहेब, मामा, मावशी आणि मिस्त्री हॉलमध्ये जमले. फौजदारबाईंनी कुबडी मांडीवर आडवी धरली होती.

"कडीपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "उभा माणूस कडी हातानं काढतो. इथं ती कुबडीनं ओढली. म्हणजे कडी काढणारं माणूस बसलेलं होतं. आता मावशींच्या रेघा. खुर्ची कुणी मागून ढकलली असती, तर त्या पावडरीत त्याची पावलं उमटली असती. मावशी म्हणतात, सगळं कोरं. म्हणजे खुर्ची कुणी ढकलली नाही. जो कुणी होता, तो खुर्चीतच होता आणि चाकं हातानं फिरवत होता."

"तेच तर मी म्हणतेय," मावशी म्हणाल्या. त्या तसं काही म्हणत नव्हत्या, पण कुणी वाद घातला नाही.

"आणि त्या खुर्चीत जगातलं एकच माणूस बसू शकतं. मिस्त्रीनं सकाळीच सांगितलं, आपण ऐकलं नाही."

"चिमणी?" पाळकसाहेब म्हणाले. "अहो, पण मामांनी तिला जाताना बघितलं."

"मामांनी शाल बघितली. एरवी निरोप घेतल्याशिवाय न जाणारी काल गप्प. रोज तिसऱ्या पायरीवर दम खाणारा भाऊ काल शीळ घालत उतरला. पाठ एका दिवसात बरी होत नाही, मामा. ओझं हलकं होतं."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "माझा स्पंज."

"तुझा स्पंज. शालीत गुंडाळला, पाठीवर घेतला. तू नळावर हात धुवत होतास. चिमणी या टेबलाखाली पोत्यांत बसून राहिली. मामांनी कड्या तपासल्या, कुलूप लावलं. चर्चमध्ये गाणी सुरू झाली, तेव्हा ती सरपटत आपल्या खुर्चीपर्यंत गेली, बसली, जाताना खुंटीवरची एक कुबडी घेतली आणि आपल्या चाकांनी मागच्या गल्लीत उतरली. तिथं भाऊ उभा असेलच."

पाळकसाहेब रांगेतल्या फटीकडे बघत राहिले. "माझ्या मनातसुद्धा आलं नाही," ते शेवटी म्हणाले. "चिमणी एकटी कुठं जाईल, असं मनातच आलं नाही."

"माझ्याही कुठं आलं? चिमणी म्हटलं की भावाची पाठच डोळ्यांपुढे येते. आपण खुर्च्या वाटतो साहेब, पण खुर्चीतलं माणूस उठून चालू लागेल हे आपल्याच गावी नसतं."

मामांनी डोळे पुसले. त्यांची नोकरी वाचली होती. पाळकसाहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं आणि त्याचा हात हातात घेतला. "चुकलं माझं," ते म्हणाले. कुणाला ऐकू न जाईल असं नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पण मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. तो पांढराफटक पडला होता.

"बाई, पुढच्या डाव्या चाकाचा नट मी आवळलेला नाही. आज पाना लावणार होतो. काल नुसता हातानं फिरवून ठेवलाय. सपाटीवर काही होणार नाही. उतारावर ती खुर्ची गेली, तर चाक निघणार."

५

पाळकसाहेबांनी व्हॅन स्वतः चालवली. शेजारी फौजदारबाई कुबड्या घेऊन, मागे मिस्त्री. आपला पाय टेबलावरच राहिला, हे फौजदारबाईंना रस्त्यात आठवलं.

हमालदादा बाजाराच्या तोंडाशी पोत्यावर बसला होता. मिशनची गाडी बघून तो उभा राहिला आणि कुणी विचारायच्या आत बोलू लागला.

"खुर्ची आज परत आणणार होतो. शपथेवर सांगतो. आता येईलच ती."

"खुर्चीचं राहू दे," फौजदारबाई म्हणाल्या. "ती कुठंय?"

टॅक्सीच्या ऑफिसात, तो म्हणाला. नदीपलीकडे. तिथं फोनवर बसून कुठली गाडी कुठं पाठवायची हे सांगणारी बाई हवी होती. गेल्या आठवड्यात तो चिमणीला पाठीवर घेऊन गेला होता. साहेबानं तिला दहा पत्ते विचारले, तिनं दहाही रस्ते बोळांसकट सांगितले. पाठीवर बसून बसून तिला शहर पाठ झालं होतं. साहेब खूश झाला आणि मग म्हणाला, काम येतं तुला, पण रोज येणार कशी? उद्या भाऊ आजारी पडला की माझे फोन कोण घेणार? स्वतःची स्वतः येऊ शकलीस तर ये. गुरुवारी सकाळपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरीला देतो. आज गुरुवार.

"मी म्हटलं, मी आत लपून राहतो, खुर्ची मी काढतो," दादा म्हणाला. "ती म्हणाली, तू आत राहिलास तर मी फाटकातून बाहेर कशी पडणार? ते पण खरंच. आज सकाळी म्हटलं, लांबून मागे मागे येतो. नको म्हणाली. दिसलास तर परत पाठवतील."

"परत कधी यायची होती?"

दादानं रस्त्याकडे बघितलं. तो मघापासून तिकडेच बघत होता, हे फौजदारबाईंच्या आता लक्षात आलं. "केव्हाच," तो म्हणाला. "बाजार भरायच्या आत येते म्हणाली होती."

मिस्त्रीनं नटाचं सांगितलं. दादा तसाच व्हॅनमध्ये चढला.

वाटेत पाळकसाहेबांचे ओठ हलत होते. मिस्त्री खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत होता. पुलाची चढण आली, पूल गेला, आणि पलीकडचा उतार सुरू झाला. लांब आणि सरळ उतार. खाली ट्रकची वर्दळ.

"थांबा," मिस्त्री ओरडला.

उताराच्या मध्यावर, कठड्याशी, रस्त्यावर एक लांबच लांब ओरखडा होता. लोखंड घासत गेल्यासारखा. तो खड्ड्यापाशी सुरू होऊन कठड्याच्या दगडावर जाऊन आपटला होता, आणि दगडाला वाळलेल्या रक्ताचा डाग होता.

दादा कठड्यावरून वाकला. खाली, उताराला लागूनच, नदी होती. तो कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला. फौजदारबाईंनी मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं. काही बोलून उपयोग नसतो अशा वेळी त्या तेवढंच करत.

"कुणाला शोधताय?" उताराच्या पायथ्याशी पंक्चर काढणारा आपल्या टपरीतून बाहेर येऊन ओरडला. "खुर्चीवाल्या ताईंना?"

सगळे त्याच्याकडे धावले. फौजदारबाई कुबड्यांवर सगळ्यांच्या मागून पोचल्या.

"सकाळी आल्या होत्या," तो हातातली ट्यूब सोडून सांगू लागला. "चाक निखळलं, पण बाई हुशार. खुर्ची रस्त्यावर जाऊ दिली नाही, कठड्याला घासत घासत थांबवली. कोपर सोललं तेवढंच. निखळलेलं चाक खुर्चीखालून सुटलं ते माझ्या टपरीत आलं. मी म्हटलं ही कुठली लॉटरी. वर बघतो तर ताई हाक मारतायत."

"मग?" दादानं विचारलं.

"मग काय, चाक बसवलं, नवा नट घातला, वर दुसरा नट अडकवला. आता सात जन्म निघणार नाही. ताईंना कोपराला पट्टी देतो म्हटलं, तर म्हणाल्या उशीर होतोय, आधी नट आवळा."

दादा तिथंच टायरांच्या ढिगावर बसला आणि तोंड झाकून रडला. मिस्त्रीनं नटाची चौकशी केली, कुठला आकार, कुठला पाना, आणि पंक्चरवाल्याचं उत्तर ऐकून दोनदा मान डोलावली. रडू त्यालाही आलं होतं. पण नटाविषयी बोलताना माणसाला रडता येत नाही.

"गेल्या तेव्हा ठीक होत्या ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ठीक? जाताना माझ्याच टपरीचा पत्ता मला समजावून गेल्या. म्हणाल्या, गिऱ्हाईकाला पुलाखाली सांगू नका, दवाखान्यासमोर सांगा, लवकर सापडतं."

६

टॅक्सीचं ऑफिस म्हणजे एका गॅरेजच्या बाजूची बसकी खोली. दाराला पायरी नव्हती. आत तीन टेबलं, तीन फोन आणि एका टेबलाशी चिमणी. कोपराला रुमाल बांधलेला, कानाला फोन, आणि आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नाही हो, बागेकडून नको, तिथं रस्ता खणलाय. पाण्याच्या टाकीमागून या. हो, बोळच आहे, पण गाडी जाते. मी गेलेय."

तिनं फोन ठेवला आणि दारात उभी असलेली वरात तिला दिसली. पाळकसाहेब, मिस्त्री, एका पायावर फौजदारबाई आणि सगळ्यांच्या मागे डोळे सुजलेला भाऊ.

चिमणीचा चेहरा खर्रकन उतरला. "मी संध्याकाळी खुर्ची परत देणारच होते," ती म्हणाली. "यांनी लगेच कामाला बसवलं. नाही म्हटलं असतं तर दुसरीला दिलं असतं. दादाकडे फोन नाही, निरोप कसा पाठवू?" मग पाळकसाहेबांकडे बघून, "माझ्यामुळे कुणावर आळ आला का?"

"आला होता," पाळकसाहेब म्हणाले. "आता नाही."

"कुणावर?"

"माझ्यावर," मिस्त्री म्हणाला. "त्याचं काही नाही. पाठीचा आधार टोचतोय का ते सांग."

"अजिबात नाही. मला पाठ आहे हेच दिवसभरात विसरले."

मिस्त्रीनं तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

खोलीच्या आतून साहेब बाहेर आला, जाडसर, घाईतला माणूस. "तुम्ही नातेवाईक? सहापर्यंत ती मोकळी नाही. बाहेर बाक आहे." आणि परत आत गेला.

पाळकसाहेब चिमणीच्या टेबलासमोर वाकले. बोलायला त्यांना जड जात होतं. "खुर्ची परत आणू नकोस. ती तुझीच आहे. बाकीच्याही उद्या ज्याच्या त्याच्या घरी जातील, मिस्त्री पोचवेल. पाहुणे रविवारी आले की त्यांना घरोघर घेऊन जाईन. फोटो काढायचेत तर लोक जिथं गेलेत तिथं जाऊन काढतील."

"मी तर इथं असेन," चिमणी म्हणाली. "रविवारी पण पाळी आहे." तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं हातानंच सगळ्यांना बाहेर जायची खूण केली.

सगळे बाकावर बसले. पाळकसाहेब आणि मिस्त्री थोड्या वेळानं व्हॅन घेऊन निघाले, कारण उद्या खुर्च्या पोचवायच्या तर नट आधी आवळायला हवे होते. सगळ्या खुर्च्यांचे, मिस्त्री म्हणाला, एकेक, पान्यानं, आणि तुमचा पायही बाई. फौजदारबाई दादाजवळ थांबल्या. त्यांना कुठं जायची घाई नव्हती, आणि या माणसाला एकटं सोडावंसं वाटेना.

"पाठीला दाखव एकदा डॉक्टरला," त्या म्हणाल्या.

"आता दाखवतो," दादा म्हणाला. "इतके दिवस दाखवून काय करणार होतो? ओझं उचलू नका म्हणाले असते."

सहा वाजता चिमणी बाहेर आली. उजेड अजून होता. तिनं दोघांकडे बघितलं, हसली आणि रस्त्याला लागली. चढणीवर दादाचे हात आपोआप खुर्चीच्या मुठींकडे गेले. तिनं मागे न बघताच सांगितलं, "दमले की सांगेन." त्यानं हात काढले. मग त्या हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. खिशात घातले, बाहेर काढले, शेवटी मागे बांधले.

फौजदारबाई चार पावलं मागून येत होत्या. पूल चढताना त्यांनी बघितलं, दादा रस्ता सोडून सारखा बहिणीकडे बघतोय. वाऱ्यानं तिचे केस उडत होते, ती डोळे बारीक करून समोरची वाहनं, दुकानं, माणसं न्याहाळत होती, काहीतरी पुटपुटत होती. इतकी वर्षं ती त्याच्या पाठीवर होती. तिचा श्वास, तिचं वजन, तिची बडबड त्याला ठाऊक होती. पण रस्त्यानं जाताना ती कशी दिसते, हे त्यानं आजवर कधी बघितलंच नव्हतं.

"असा काय बघतोस?" चिमणी म्हणाली. "समोर बघून चाल. खड्डा आहे."